नकाशा अख्खा द्या, तुकडे आम्ही पाडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक किल्ल्यावर पुण्या-मुंबईचे ट्रेकर वाट चुकले, रात्र जंगलात काढली, पहाटे गावकऱ्यांनी शोधून खाली आणलं. मग दोन दिवसांनी वाचकांची पत्रं येतात की आजकालच्या पोरांना अक्कल नाही, रील काढायला जातात, दंड करा. असेल तेही. पण मी बरीच वर्षं आमच्या भटक्या मंडळींसाठी जीपीएसचे नकाशे बनवतोय (व्यवसायानं नाही हो, हौस म्हणून, दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो) आणि मला यात एक गोष्ट दिसते जी कुणीच लिहीत नाही, की लोकांच्या हातात धड नकाशा नसतो आणि सरकारी खाती आपला नकाशाचा डेटा अख्खा द्यायचा सोडून तुकडे करून देतात, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मोबाईलवरचा नकाशा रेंज असेपर्यंत नकाशा असतो. घाट उतरायला लागलं की पडदा पांढरा आणि मधे एक निळा ठिपका, म्हणजे तुम्ही आहात हे कळतं पण कुठे ते नाही. आधी डाउनलोड करून ठेवता येतं हे खरं, पण ते करतं कोण, आणि धुक्यात भिजलेल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून बघा एकदा. म्हणून आमच्यातले जुने लोक अजून हातातला जीपीएस वापरतात, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, बटणांचा, पावसात पडला तरी उचलून पुसायचा आणि चालू पडायचं. फक्त त्यात नकाशा आधी भरावा लागतो. माझ्या डिव्हाइसबरोबर जो जगाचा नकाशा आला होता त्यात मोठे हायवे सोडले तर सह्याद्रीत काहीच नव्हतं, अख्खा मावळ रिकामा, शिवाजी महाराज बघते तर काय म्हणाले असते.

मग हा नकाशा आणायचा कुठून? ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसानं हे सुरू केलं, कारण तिकडच्या सरकारी नकाशांच्या डेटाला पैसे पडायचे आणि वर तो वापरायला अटी. लोकांनीच चालत-सायकलवर फिरून रस्ते टिपायचे, सगळ्यांनी फुकट वापरायचे, ओपनस्ट्रीटमॅपचं नाव द्यायचं. आज त्यात आपल्याकडच्या किल्ल्यांच्या पायवाटा आहेत, पाण्याची टाकी आहेत, कुठली वाट पावसात बंद असते हेसुद्धा कुणीतरी लिहून ठेवलेलं सापडतं. हे सगळं तुमच्या-आमच्यासारख्यांनी भरलेलं. आणि डेटा अख्खाच्या अख्खा उतरवून घेता येतो, लॉगिन नाही, अर्ज नाही, कुणाची सही नाही. जर्मनीत कार्ल्सरुहेला जिओफॅब्रिक म्हणून लोक आहेत, ते रोज ताजा डेटा देशवार कापून ठेवतात, भारताचे पण झोन केलेत त्यांनी, महाराष्ट्र, गोवा, गुजरात वेस्टर्न झोनमध्ये.

इथपर्यंत सोपं. पुढे गाडी अडते. तो डेटा तसाच्या तसा डिव्हाइसमध्ये टाकता येत नाही. साऱ्या जगाची फाइल पीबीएफ फॉरमॅटमध्ये दाबून दाबून भरलेली असूनही ऐंशी जीबीच्या आसपास जाते, आणि भारताची एक जीबीच्या वर. गार्मिन म्हणजे असे हातातले जीपीएस बनवणारी कंपनी, तिचा नकाशाचा जो फॉरमॅट आहे तो मेमरी चिमूटभर असायची त्या काळातला, त्यात नकाशा छोट्या छोट्या टाइल्समध्ये असावा लागतो, एका टाइलमध्ये किती माल मावतो त्यालाही मर्यादा. डिव्हाइस पडद्यावर लागेल तेवढेच तुकडे उघडतं, बाकीचे कार्डावर झोपलेले. म्हणजे नकाशा बनवायच्या आधी डेटा कापावा लागतो. हे कापायचं एक सॉफ्टवेअर आहे, नावच स्प्लिटर, जावामध्ये लिहिलेलं, फुकट. आणि कापलेल्या तुकड्यांचा नकाशा बनवणारं त्याचं भावंड म्हणजे एमकेजीमॅप.

आता तुम्ही म्हणाल कापणं त्यात काय, चौकोन आखायचे आणि कापायचे. मलाही तसंच वाटलं होतं. पण बघा, आपण बर्फीच्या वड्या पाडतो तेव्हा वडीचा आकार सारखा ठेवतो, मग एखाद्या वडीत चार काजू येतात आणि एखादीत एकही नाही. स्प्लिटर उलटं करतो, तो आधी काजू मोजतो आणि मग सुरी फिरवतो. डेटामधला प्रत्येक बिंदू, म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला नोड, तो पहिल्या फेरीत मोजून घेतो, कुठल्या चौकोनात किती, आणि मग अशा रेघा शोधतो की कुठल्याच तुकड्यात ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त नोड येऊ नयेत. तो आकडा आपण नाही दिला तर १६ लाख. त्यामुळे मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवडकडे टाइल एवढ्या एवढ्याशा पडतात कारण तिथे बिल्डिंग न् बिल्डिंग काढलेली आहे, आणि गडचिरोलीकडे एकच टाइल अर्धा जिल्हा गिळते. मला तर हा कापलेला नकाशा कोऱ्या कागदावर नुसत्या रेघांनी बघायला फार आवडतं, नाव एकही नको, रेघा बघूनच कळतं कुणाकडे लक्ष गेलंय आणि कुणाकडे नाही.

आणि सुरीसुद्धा कुठेही चालत नाही. गार्मिनच्या हिशोबात पृथ्वीचा पूर्ण फेरा २ चा २४ वा घात एवढ्या भागांत वाटलेला असतो, म्हणजे १ कोटी ६७ लाख आणि वर, एक भाग विषुववृत्तावर साधारण २.४ मीटरचा. स्प्लिटर नेहमीच्या सेटिंगला असे २०४८ भाग धरून एक घर करतो, म्हणजे पाच किमीला थोडं कमी, आणि टाइलची कड या घरांच्या रेघेवरच येते. तालुक्याची हद्द, नदी, डोंगराची धार, हे त्याच्या खिजगणतीत नाही. आपल्याकडे शेतीला तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, ठराविक क्षेत्राच्या खाली जमीन तोडायची नाही, इथे मात्र तोडल्याशिवाय पेरणीच होत नाही असा प्रकार.

माझ्या हातून यात काय काय घोटाळे झाले ते सांगतो, म्हणजे कळेल की अडचण कुठे आहे.

पहिला घोटाळा शिवसागरचा. वासोट्याला जायचं म्हणून नकाशा बनवला, बामणोलीहून लाँच सुटली, जीपीएस चालू केला, तर कोयनेचं पाणी अर्ध्यातच संपलेलं, पुढे नुसती कोरी जमीन, आणि आमची लाँच मजेत त्या जमिनीवरून चाललेली. लाँचवाले काका म्हणाले, काय हो तुमच्या यंत्रात धरण आटलं का. झालं असं होतं की एवढा लांबलचक जलाशय चार-पाच टाइल्समधून जातो, डेटामध्ये तो एकसंध बहुभुज असतो, आणि माझ्याकडचं स्प्लिटरचं व्हर्जन जुनं. ते प्रत्येक टाइलला शेजारची थोडीशी पट्टी जोडून द्यायचं, त्या पट्टीच्या बाहेरचे बिंदू गेले की बहुभुज तुटला, आणि तुटलेला बहुभुज एमकेजीमॅपला भरता येत नाही. नव्या व्हर्जनमध्ये अशा हद्दीवरच्या गोष्टी आधी हुडकून त्या अख्ख्या ठेवतात, एकाहून जास्त टाइलमध्ये त्यांची पूर्ण नोंद जाते. वेळ जास्त लागतो पण पाणी पाण्याच्या जागी राहतं. समुद्राचं तर त्याहून वेगळंच, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये समुद्र म्हणून काही आकार नसतोच, नुसती किनाऱ्याची रेघ असते आणि नियम असा की रेघेच्या दिशेनं चाललं की डावीकडे जमीन, उजवीकडे पाणी. ती रेघ टाइलमध्ये कुठे तुटली की अलिबागपासून पेणपर्यंत सगळं निळं. हेही केलंय मी.

दुसरा घोटाळा आकड्यांचा. प्रत्येक टाइलला आठ आकडी नंबर असतो आणि आपण काही सांगितलं नाही तर स्प्लिटर ६३२४०००१ पासून मोजायला लागतो. मी माझ्या नकाशाला नंबर बदलले नाहीत, आणि नाशिकच्या एका दोस्तानं साल्हेर-मुल्हेरकडचा नकाशा बनवून दिला त्यानंही बदलले नाहीत. दोन्ही एका कार्डावर टाकले, आणि त्याचे तुकडे माझ्या तुकड्यांशी भांडायला लागले, साल्हेर गायब. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमन काय करणार. दोन संध्याकाळी गेल्या ते कळायला, आणि उपाय काय तर एक आकडा बदलायचा.

तिसरा कंटूरचा. डोंगराची चढण दाखवणाऱ्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नसतात, त्या वेगळ्या आणाव्या लागतात. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर या अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीचा मोठा भाग मोजला, तो उंचीचा डेटा फुकट आहे आणि तोही तुकड्यांतच येतो, एक अंश बाय एक अंश. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावरून नाव, म्हणजे पुणे, लोणावळा, रायगड, राजगड हे सगळे एन१८ई०७३ या एका फाइलमध्ये. त्यातून दहा-दहा मीटरच्या रेषा काढल्या की घाटमाथ्यावर एवढे बिंदू होतात की शहरसुद्धा मागे पडतं, कारण कड्यावर रेषांवर रेषा चढलेल्या असतात. तिथे १६ लाखांचा आकडा ठेवला की एमकेजीमॅप सरळ सांगतो, एका नकाशात एवढं मावत नाही. मी आता आठ लाख ठेवतो. टाइल वाढतात, वाढू देत.

हे सगळं लिहायचं कारण, संपादकसाहेब, असं की यातलं काहीही अवघड नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला एका रविवारी जमेल. पण आमच्या ओळखीत हे करणारी माणसं किती, एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातला एक आजारी पडला की त्या वर्षी त्या भागाचा नकाशा जुनाच. डेटा रोज ताजा होतोय आणि लोकांच्या हातातलं कार्ड चार वर्षांपूर्वीचं.

आता सरकारी नकाशांकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. त्रिकोणमितीनं अख्खा देश मोजायला ज्यानं सुरुवात केली तो विल्यम लॅम्टन मोजत मोजत मद्रासकडून वर आला आणि १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला, त्याची कबर अजून तिथे आहे. तेव्हा या कामाशी महाराष्ट्राचं नातं आहे बरं का. त्यांच्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्या दाखवणारे छापील नकाशे, आम्ही कॉलेजात असताना झेरॉक्स करून वापरायचो, आणि ती शीट म्हणजे कागदावरची टाइलच. चार अंश बाय चार अंशाचा एक नंबर, आपल्या पुण्याकडचा ४७, त्याचे सोळा भाग ए ते पी, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. शेवटचा तुकडा १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचा, उत्तर-दक्षिण सत्तावीस-अठ्ठावीस किमी, सगळीकडे सारखा. बर्फीची वडी. पुण्याचं शीट ४७ एफ/१४. आणि गंमत ऐका, तोरणा येतो ४७ एफ/११ मध्ये आणि राजगडचा माथा ४७ एफ/१२ मध्ये, वरच्या कडेपासून अर्धा किलोमीटरसुद्धा खाली नाही. म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात लाडका ट्रेक, राजगड ते तोरणा, त्याच्या बरोबर मधून कागद संपतो. आम्ही दोन झेरॉक्स सेलोटेपनं चिकटवायचो आणि पावसात नेमका तोच सांधा सुटायचा. कुणाचा दोष नाही, छापायच्या काळात दुसरा इलाजच नव्हता, कागद कुठेतरी संपणारच.

पण आता कागद नाही ना! २००५ च्या धोरणानं लोकांसाठी वेगळी ओपन सिरीज मॅप्स आली (त्याचंही लघुरूप ओएसएम आणि ओपनस्ट्रीटमॅपचंही ओएसएम, मीटिंगमध्ये जो गोंधळ होतो विचारू नका), मग १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, की नकाशे बनवायला आता आधी परवानगी नको, आणि जनतेच्या पैशातून तयार झालेला डेटा, संरक्षणाचा वगळून, भारतीयांना सहज मिळाला पाहिजे. वाचून मी घरात पेढे वाटले होते. एवढी सुंदर गोष्ट आणि तिच्यावर कुठल्या चॅनलवर पाच मिनिटं चर्चा नाही.

त्यानंतर मी एका सरकारी कार्यालयात गेलो, नाव लिहीत नाही कारण तिथल्या माणसांनी चहा पाजला आणि चांगलं वागले. म्हटलं तुमच्या हद्दीतल्या जंगलवाटा आणि पाणवठे यांचा डेटा पाहिजे, लोकांच्या उपयोगासाठी. मिळाला. कसा मिळाला? एका सीडीवर एक-एक पानाची पीडीएफ, स्कॅन केलेली, वर शिक्का. साहेब म्हणाले तुम्हाला सोपं जावं म्हणून आम्ही तुकडे करून दिलेत. आता त्यांना कसं सांगू की कापलेलं परत जोडण्यात माझे तीन महिने जाणार, आणि चित्रातली रेघ म्हणजे वाट आहे की ओढा हे कॉम्प्युटरला कळत नाही, आणि दोन पानांच्या कडेला वाट एकमेकींना भेटतच नाही, एकीवर ती ओढ्याच्या डावीकडे, दुसरीवर उजवीकडे. मी धन्यवाद म्हणून निघून आलो. ती सीडी अजून कपाटात आहे.

तर माझी मागणी एवढीच आहे की कापून देऊ नका. वनखातं असो, जलसंपदा असो, पुरातत्त्व असो, तुमच्याकडे वाटा, धरणं, किल्ले, दरडप्रवण गावं जे काही डिजिटल आहे ते एका अख्ख्या फाइलमध्ये, बिंदू-रेघा-आकार म्हणून, मोकळ्या परवान्यावर ठेवा. कुणाला कसे तुकडे लागतील ते तुम्हाला आधी कळूच शकत नाही. मला घाटमाथ्याला आठ लाखांचे तुकडे लागतात, ॲम्ब्युलन्सवाल्याला रस्त्यांचा सलग नकाशा लागेल, कोळी बांधवांना नुसता किनारा लागेल. आणि कापणाऱ्यानं हद्दीवर कापलं की पलीकडच्याचं मरण. जिओफॅब्रिकच्या झोनमध्येही हेच होतं बघा, चोर्ला घाटात गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिघं एकत्र येतात, पण कर्नाटक सदर्न झोनमध्ये, त्यामुळे वेस्टर्न झोन घेऊन बेळगावकडे निघालो की नकाशा घाटातच संपतो. तिथे मात्र इलाज सोपा आहे कारण अख्ख्या भारताची फाइल पण शेजारीच ठेवलेली असते, ती घ्यायची, पाहिजे तेवढी हद्द स्वतः आखायची आणि कापायचं. अख्खं जवळ असलं की चूक दुरुस्त करता येते. सीडीवाल्या पीडीएफचं काय दुरुस्त करू?

हे नुसतं ट्रेकर लोकांच्या हौसेचं असतं तर मी पेपरचा कागद खाल्ला नसता. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी उपग्रहाचे फोटो बघून बघून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले, आणि तो डेटा सतत नव्यानं गार्मिनच्या नकाशात बदलून मिळत होता, अमेरिकेतल्या फेअरफॅक्स काउंटीच्या रेस्क्यू टीमनं तोच आपल्या हातातल्या जीपीएसमध्ये भरला. काल पडलेली इमारत, आज बंद झालेला रस्ता, उद्याच्या नकाशात. हे त्यांना जमलं कारण डेटा मोकळा होता आणि पुढचं कापायचं-बनवायचं काम येणारे लोक तयार होते. आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, वर गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात चिखलातून पायवाटेनं चढले, मशिनरी वर नेता येईना. त्या रात्री कुणाच्या हातात कुठला नकाशा होता यावर मी बोलणार नाही, मी तिथे नव्हतो. पण अशा वाड्या सह्याद्रीत शेकड्यानं आहेत आणि त्यांच्या पायवाटा कुठल्या ना कुठल्या खात्याच्या कपाटात पीडीएफ होऊन पडल्या असतील, हे मला त्या सीडीवरून कळतंय.

कॉलेजांनाही सांगावंसं वाटतं, दरवर्षी प्रोजेक्टला तेच ते अटेंडन्सचं ॲप करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपनं आपल्या जिल्ह्याचा नकाशा दर महिन्याला आपोआप उतरवून, कापून, बनवून ठेवायचं काम घ्यावं. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, माझा तेवढाच आहे, एक कंटूर सोडल्या तर चहा होईपर्यंत कापणी उरकते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, टाइलचे नंबर आपले वेगळे ठेवा आणि तयार फाइल चार जीबीच्या आत ठेवा, डिव्हाइसच्या कार्डाला त्यापेक्षा मोठी फाइल झेपत नाही. मराठी नावांचं दुखणं वेगळं, माझ्या डिव्हाइसवर देवनागरी उमटत नाही म्हणून इंग्रजी नावांचा टॅग घ्यावा लागतो आणि बामणोलीचं बम्नोली होतं, त्यावर कुणी डोकं लावलं तर मी त्याला घरी जेवायला बोलवीन.

पत्र फारच मोठं झालंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर खुशाल कापा, फक्त राजगड-तोरण्याच्या मधून कापू नका.

आपला नम्र,
एक जुना वाचक, पुणे